पार्किंगला माणूस ठेवलाय

मुलुंडच्या माणसाला शीवच्या पुढचं सगळं टाउन वाटतं. काळाचौकी म्हटलं तरी टाउन, कुलाबा म्हटलं तरी टाउन. आणि टाउन म्हटलं की त्याला पहिला प्रश्न पडतो तो गाडी कुठे लावायची हा. हे मी कुचेष्टेनं सांगत नाही. बावीस वर्षं मुलुंडला राहून मीही तसाच झालोय, आणि मी तर काळाचौकीच्या चाळीत जन्मलेला.

बाबा अजून त्याच चाळीत राहतात. राहत होते, असं लिहायला मिळावं म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते त्या खोलीत एकटे. गेल्या जूनमध्ये गॅलरीच्या टोकाच्या मोरीत पाय घसरून पडले आणि पाऊण तास तसेच पडून राहिले. शेजारची चंपामावशी कपडे धुवायला गेली तेव्हा तिला दिसले. हाड मोडलं नाही हे नशीब, पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मी आणि माझी बायको सुलक्षणा त्यांच्या मागे लागलो, मुलुंडला चला. दिशानं, माझ्या मुलीनं, तर आजोबांसाठी स्वतःच्या खोलीतला पलंगही रिकामा केला. चार महिने नाही नाही म्हणून शेवटी बाबा तयार झाले. एकच अट घातली.

"माझी पंच्याहत्तरी हय चाळीत करायची. तुझी मुलुंडची माणसां एकदा हय येवंदेत, माझी जागा बघूंदेत. मगे मी येतंय."

अट साधी होती. मला मात्र ती अवघड वाटली.

माझी मुलुंडची माणसं म्हणजे आमच्या सोसायटीतला सकाळी चालायला जाणारा ग्रुप. नीलेश हा सोसायटीचा सेक्रेटरी, प्रांजल त्याची बायको, आणि किरण हा समोरच्या विंगमधला. बाकी चार-पाच जण आहेत, पण ते कुठेच येत नाहीत, फक्त अंगठे दाखवतात. ग्रुपवर मी आमंत्रण टाकलं, रविवार, दुपारी बारा, काळाचौकी. पाच मिनिटांत सुरू झालं.

"गाडी कुठे लावायची रे?" नीलेशनं विचारलं. त्याची गाडी दोन महिन्यांची होती.

"गल्लीतच. भरपूर जागा आहे," मी लिहिलं. हे खोटं होतं. गल्लीत सायकल लावायची तरी भांडण होतं.

"मागे दादरला माझी टो केली होती, तीन तास गेले," किरण म्हणाला.

"आमच्या गल्लीत टोइंगची गाडी वळतच नाही." हे मात्र खरं होतं.

"एरिया कसा आहे? म्हणजे लेडीजना सेफ ना?" प्रांजलचा मेसेज.

या प्रश्नाचा मला राग यायला हवा होता. माझी आई त्या गल्लीतून पहाटे चार वाजता दुधाच्या लायनीत जाऊन उभी राहायची. पण राग आला नाही, मी घाईघाईनं समजूत घालायला लागलो. अगं, अगदी फॅमिली एरिया आहे, सगळे आपलेच लोक. मग गल्लीचा फोटो पाठवला. तो गुढीपाडव्याच्या पहाटे सहाला काढलेला होता, एक कुत्रं सोडलं तर रस्ता रिकामा. तरी नीलेशचं चाललंच होतं. आरसे चोरतात म्हणे, पोरं किल्लीनं रेघा ओढतात म्हणे. त्याच्या मेव्हण्याच्या मित्राचं असंच काहीसं झालं होतं. शेवटी मी वैतागून लिहिलं, "पार्किंगला माणूस ठेवलाय. सकाळपासून जागा धरून बसेल, तुम्ही जाईपर्यंत गाडीजवळून हलणार नाही."

त्यावर तिघांचे अंगठे आले. जमलं एकदाचं, असं मला वाटलं.

माणूस ठेवला होता हेही खरं होतं. आमच्या चाळीखालचा तुळशीदास. गणपतीत, लग्नकार्यात जागा धरायचं काम त्याचंच. आदल्या रात्रीपासून रस्त्यात बाकडं आणि दोन पिंपं लावून ठेवायचा आणि जवळ बसून राहायचा, की कुणाची टाप नव्हती गाडी घुसवायची. पण रविवारी सकाळी नऊला मी, सुलक्षणा आणि दिशा चाळीत पोचलो तर कळलं, तुळशीदासची बहीण माहुलला आजारी आहे आणि तो पहाटेच तिकडे गेलाय. बाकडं मात्र लावलेलं होतं. बाकड्यावर बाबा बसले होते.

"तुम्ही काय करताय इथे?" मी विचारलं.

"तुळशीदास नाय तर काय झाला? मी बदली उभो रवतंय," बाबा म्हणाले. मिलमध्ये पहिली चार वर्षं ते बदली कामगार होते. कुणी गैरहजर राहिला तर आपल्याला काम मिळेल म्हणून रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे. "तू वर जा. पाहुणे तुझे, जागा मी धरतंय."

"ऊन केवढं आहे. आज तुमचा दिवस आहे बाबा."

"म्हणानच तर."

ते खुशीत होते, अगदी लग्नघरातल्या माणसासारखे. नवा पांढरा शर्ट घामानं खराब होईल म्हणून त्यांनी जुना खाकी शर्ट चढवला होता आणि डोक्यावर पंचा घेतला होता. तो शर्ट बघून मला कसंसंच झालं.

शर्टाचं सांगतो. संपानंतर मिल बंद पडली आणि बाबा वाळकेश्वरच्या एका इमारतीत वॉचमन म्हणून लागले. अठरा वर्षं. माझी फी, माझी पुस्तकं, माझी पहिली टाय, सगळं त्या खाकी शर्टातून आलं. मुलुंडला मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. वडील मिलमध्ये होते, एवढंच सांगतो. गिरणी कामगाराचा मुलगा म्हटलं की लोक मान हलवतात, थोडा आदरही दाखवतात. वॉचमनचा मुलगा म्हटलं की काय करतात ते मला माहीत आहे, कारण मी सोसायटीच्या कमिटीवर आहे. आमच्या मीटिंगमध्ये वॉचमन झोपतो, वॉचमन नीट सलाम करत नाही, वॉचमनला लिफ्ट वापरू देऊ नका, हे विषय दर महिन्याला निघतात. आणि मी तिथे गप्प बसून समोसा खातो.

साडेदहाला एका टेम्पोवाल्यानं बाकडं बाजूला सारायला बघितलं. बाबांनी त्याला पिटाळलं. अकराला पाण्याचा टँकर आला तर बाबांनी पिंपं हलवून त्याला वाट दिली आणि परत जागच्या जागी ठेवली. मी गॅलरीतून बघत होतो. दिशानं दोनदा सरबत नेऊन दिलं. वर पंच्याहत्तर दिव्यांची ताटं लावली होती, चंपामावशीनं वडे तळायला घेतले होते, चाळीतली माणसं जमायला लागली होती. साडेबाराला औक्षण होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी नीलेशचा फोन आला. "गल्लीच्या तोंडाशी आहोत, पण रस्ता दिसत नाहीये रे."

मी धावत खाली गेलो. बाबांनी बाकडं आधीच उचललं होतं. "येऊ दे, येऊ दे, डावीकडे मारा, बस." त्या चिंचोळ्या गल्लीत भिंतीपासून वीतभर अंतरावर त्यांनी नीलेशची भली मोठी गाडी एका दमात लावून घेतली. मागून किरणचीही. मला अभिमान वाटला. आता सांगावं, हे माझे बाबा, असं अगदी ओठावर आलं होतं.

नीलेश उतरला. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, मग नाक्यावर कॅरम खेळणाऱ्या माणसांकडे बघितलं. प्रांजलनं पर्स छातीशी धरली होती. तिनं बाबांकडे बोट केलं आणि मला विचारलं, "हेच ना ते? हे काका पूर्ण वेळ थांबणार ना इथे?"

"चावी द्यायची का यांच्याकडे?" नीलेश म्हणाला. "कुणाला गाडी काढायची झाली तर हलवता येईल. माणूस विश्वासाचा आहे ना?"

एक क्षण होता. एवढासाच, पण होता. बाबा माझ्यापासून दोन पावलांवर उभे होते. डोक्यावर पंचा, अंगात तो शर्ट, कपाळावरून घाम गळत होता. मला काय भीती वाटली, ते आजही नीट सांगता येत नाही. प्रांजल ओशाळेल, नीलेश शर्टाकडे बघेल, पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी माझ्याकडे बघेल, असं काहीबाही. आणि मी म्हणालो,

"एकदम. जुना माणूस आहे आमचा."

नीलेशनं बाबांच्या हातात चावी दिली. "बाबा, लक्ष ठेवा हां. कुणी हात लावता कामा नये. जाताना चहापाण्याचं बघतो."

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. मग ते नीलेशकडे वळून म्हणाले, "व्हय, साहेब."

मी तिघांना घेऊन जिना चढलो. प्रांजल म्हणत होती की चाळ किती छान आहे, अगदी नाटकातल्यासारखी. मी काय उत्तरं देत होतो कुणास ठाऊक.

साडेबारा झाले. सुलक्षणानं दिवे लावले आणि विचारलं, "बाबा कुठायत?"

मी खाली गेलो. बाबा बाकड्यावर बसले होते, चावी मुठीत.

"चला बाबा. सगळे थांबलेत."

"माका जमाचा नाय. गाडयेर लक्ष ठेवूक सांगितल्यानी."

"बाबा, असं काय करता? मी चुकलो. घाईत बोललो."

ते रस्त्याकडे बघत राहिले. मी तिथे उभा, आणि वरून गॅलरीतून चाळीतली पंधरा-वीस डोकी खाली बघतायत. तेवढ्यात दिशा जिना उतरून आली. "आजोबा, दिवे विझतील ना," म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला. तिच्याबरोबर ते मुकाट उठले. खोलीत जाऊन त्यांनी तोंड धुतलं, पांढरा शर्ट घातला आणि पाटावर येऊन बसले.

नीलेश पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. त्यानं बाबांना बघितलं आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. प्रांजलनं तोंडावर हात ठेवला. औक्षण संपताच नीलेश उठला, सरळ बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. "काका, माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं."

बाबांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "तुमची काय चूक? गाडी बरी लावल्यात. वडे खावा, गरम हत." सगळे हसले. बाबाही हसले. चंपामावशीनं नीलेशच्या ताटात दोन वडे जास्त वाढले.

हात धुताना नीलेशनं मला कोपऱ्यात गाठलं. "तू का बोलला नाहीस रे?" त्याच्या आवाजात चीड होती आणि ती रास्त होती. त्याला मी इतकी वर्षं ज्या प्रकारचा माणूस समजत होतो तसा तो नव्हताच. तसा मीच होतो. मी नळ चालू ठेवून हात धूत राहिलो.

चारला तिघेही गेले. गाड्यांना ओरखडा नव्हता. निघताना नीलेश पुन्हा बाबांच्या पाया पडला आणि चावी दोन्ही हातांनी घेतली. भांडुप गाठायच्या आत ग्रुपवर मेसेज आले. टाउन एवढं वाईट नाही यार. पार्किंग झकास. वडे तर विचारूच नका. प्रांजलनं लिहिलं, एरिया खूप सेफ वाटला. ज्यांना समजवायला मी आठवडाभर जीव आटवला होता त्यांची शंका फिटली होती.

संध्याकाळी खोलीत बाबा आणि मी दोघंच होतो. सुलक्षणा आणि दिशा चंपामावशीकडे भांडी आवरायला गेल्या होत्या. दाराशी बांधून ठेवलेली दोन खोकी होती, त्यात आईची पितळेची भांडी. सामान न्यायला मंगळवारी टेम्पो येणार होता.

"मंगळवारी सकाळी आठला येईल टेम्पो," मी म्हणालो. "मी सुट्टी घेतलीय."

बाबांनी एका खोक्याची सुतळी ओढून बघितली. मग शांतपणे विचारलं, "राजू, थंय माका कोण म्हणान सांगतलंस?"

"म्हणजे काय बाबा? माझे बाबा म्हणून."

"आज दोन पावलांर उभो होतंय. तेव्हा नाय सांगलंस."

मला बोलायचं होतं. पाया पडायचं होतं, रडायचंही होतं. मोरीतल्या त्या पाऊण तासाची आठवण करून द्यायची होती, की इथे एकटे राहू नका, परत पडाल तर. पण कोणत्या तोंडानं सांगणार? ते पडले तर चंपामावशी निदान धावत येईल आणि ओरडेल, काशीराम पडला. ती त्यांना नावानं ओळखते.

"हय मी काशीराम असंय," बाबा म्हणाले, जणू माझ्या मनातलं ऐकून. "थंय तुमका वॉचमन व्हयो असात तर तुमच्या फाटकार बरे पोर असत, त्येंका काढू नको. टेम्पोवाल्याक नको म्हणान सांग."

मी गॅलरीत आलो. फोन लावला, म्हटलं, टेम्पो नको, ते येत नाहीत. टेम्पोवाला कुरकुरला, म्हणाला, साहेब, मंगळवारची दुसरी भाडी सोडली मी तुमच्यासाठी, कोण येत नाही म्हणता?

"माझे वडील," मी म्हणालो. "माझे वडील येत नाहीत."

दिवसभरात हे शब्द दुसऱ्या कुणासमोर मी पहिल्यांदा उच्चारले, आणि तेही एका अनोळखी टेम्पोवाल्यापाशी.