गळ्यावरचं बोट

"अहो, हातमोजे तरी घाला," नर्स नाक दाबून म्हणाली. तोवर मिस्त्रीचा हात वॉर्डातल्या तुंबलेल्या बेसिनमध्ये मनगटापर्यंत गेलाही होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण साचलेलं पाणी दिसलं की त्याला राहवत नसे. केस, कफ आणि उष्ट्या अन्नाचा बुळबुळीत काळा गोळा त्याने ओढून काढला आणि कागदात गुंडाळून बादलीत टाकला. जवळच्या खाटेवरच्या बाईने तोंड फिरवलं. मिस्त्रीला मात्र काहीच वाटलं नाही. वीस वर्षं लोकांची तुंबलेली गटारं मोकळी करून त्याचं नाक मेलं होतं.

त्याला किळस यायची ती एकाच गोष्टीची, आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या, चिमीच्या गळ्यातल्या भोकाची.

जन्मतःच तिची श्वासनलिका अरुंद, म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली होती. वर्षापूर्वी नळी काढली. भोक आपोआप बुजेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण ते बुजलं नाही. वाटाण्याएवढं, लालसर आणि सदा ओलं. ती खोकली की त्यातून चिकट कफ उडायचा. भोक बोटाने दाबलं तर शब्द उमटायचे, नाहीतर नुसती फुसफुस. हात गुंतलेले असले की चिमी मान वर करायची, आणि आई जेवता जेवता भोकावर बोट ठेवायची. मग बोट फडक्याला पुसून पुढचा घास घ्यायची. ते बघून मिस्त्री ताटावरून उठायचा. जगाची घाण चालते आणि पोटच्या पोरीची चालत नाही, याची त्याला स्वतःचीच शिसारी यायची. तरी बोट काही पुढे व्हायचं नाही.

आज ते भोक टाके घालून बंद करायचं होतं.

"फॉर्मवर शिक्का राहिलाय, मारून आणते," बायको म्हणाली. "तिच्याजवळ बसाल ना?"

"बसतो की. न बसायला काय झालं?"

ती गेली आणि पाठोपाठ ट्रॉली आली. चिमीच्या डाव्या हाताला सलाइनची फळी बांधलेली होती. उजव्या कोपरात सुई नीट बसली नव्हती, म्हणून तिथे घट्ट पट्टी आणि हात न वाकवण्याची तंबी. ट्रॉलीवर निजवल्यावर तिने बाबाकडे बघून तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने मान वर केली.

भोकाच्या कडेला कफाचा बुडबुडा फुगला आणि फुटला.

मिस्त्रीने हात उचलला. दोनदा साबणाने धुतलेलं त्याचं बोट तिच्या गळ्यापासून वीतभर अंतरावर आलं आणि तिथेच अडलं. "आई येऊ दे ना," तो म्हणाला. "आईला सांग."

तिने पुन्हा काहीतरी फुसफुसून पाहिलं, मग मान खाली केली. ट्रॉली गेली. मिस्त्री बेसिनवर जाऊन भडाभडा ओकला. पाणी झरझर वाहून गेलं.

बायको धावत आली तेव्हा ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं होतं.

"काही म्हणाली का जाताना?"

"नाही," तो म्हणाला. आत काही बरंवाईट झालं तर, एवढंच दोन तास त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी उशाला टेकून बसली होती. गळ्यावर पांढरी पट्टी. पट्टीला हात लावू देऊ नका, असं डॉक्टर बजावून गेले होते. काही बोलायचं झालं की तिचं बोट सवयीने गळ्याकडे जायचं. मिस्त्रीने ते वाटेतच धरलं.

"आता नाही लावायचं. तसंच बोल."

"बाबा," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण होता.

"काल ट्रॉलीवर काय सांगत होतीस गं?"

चिमीने जरा आठवून पाहिलं. "म्हणत होते, तू बाहेर जा. तुला ओकारी येईल."

 मिस्त्रीने बोट सोडलं नाही. वर्षभर ओल्या भोकावर राहून त्या इवल्या बोटाचं टोक पांढरट, सुरकुतलेलं झालं होतं. त्याने ते आजवर पाहिलंच नव्हतं.