व्हर्ना आजी काट्यावर चढत नाही

आमच्या बेटावर आठवड्यातून दोनदा विमान येतं, बारा माणसांचं. धावपट्टीच्या कडेला छपरात बसायचं, जाणाऱ्यांची वजनं करायची, वहीत लिहायची आणि वही पायलटच्या हातात द्यायची, हे माझं काम. वजन लिहिल्याशिवाय कुणी उडत नाही. मंत्री आला तरी नाही.

त्या बावीस डिसेंबरला व्हर्ना आजी आणि ऑर्विल बाबांच्या दोन जागा होत्या.

दोघं कॅनडाचे. गव्हाची शेती विकून सत्तरीत मिशनच्या कामाला आलेले, दीड वर्षापासून आमचे शेजारी. पहिला नाताळ त्यांनी दार लावून काढला. मानेआबात, म्हणजे गावाच्या मोठ्या छपराखाली, सगळं गाव चार दिवस जेवत होतं, नाचत होतं, आणि हे दोघं डब्यातलं मांस खाऊन झोपले. मिशनला नाच पसंत नाही, असं त्यांना राजधानीहून, तारावाहून, बजावलेलं होतं. गावाला ते लागलं. माझी रोटिया मावशी तर आजीला तोंडावर म्हणाली, "आमच्या हातचं तुम्हाला चालत नाही का गं?"

पुढच्या ऑक्टोबरात बायकांच्या नाचाचा सराव सुरू झाला तशी आजी आपणहून आली आणि शेवटच्या रांगेत उभी राहिली. आमच्या नाचात हात समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखे पसरायचे, मान झटक्यात वळवायची, आणि हसायचं मुळीच नाही. हसली ती बाई उथळ. आजीचा गुडघा कुरकुरायचा, पण चेहरा असा करारी की मावशी पोरींवर ओरडायची, "त्या म्हातारीकडे बघा! एक तरी दात दिसतोय का?"

नोव्हेंबरात बाबा विहिरीच्या वाटेवर पडले आणि बरगडी मोडली. नर्स म्हणाली, पडून राहा, भरून येईल. महिन्याभरात आलीही. पण तोवर बातमी कॅनडात लेकीला, ग्रेटाला, कळली होती. ग्रेटानं तारावाला फोन केला आणि तिकडून हुकूम आला: नाताळ आमच्याबरोबर तारावात, मग कायमचं घरी. न्यायला मिशनचे पॅक्स्टन साहेब स्वतः विमानातून उतरले. पस्तिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट.

बाबा मुकाट्यानं काट्यावर चढले. एकसष्ट किलो. मी लिहिलं.

"आजी, ये."

"नाही."

"व्हर्नाबाई, विमान थांबलंय," पॅक्स्टन म्हणाले.

"थांबू दे, नाहीतर जाऊ दे. मी चढणार नाही."

"तुमच्या काळजीपोटीच हा निर्णय घेतलाय."

"कुणी घेतला? मी होते त्या बैठकीत?"

"ग्रेटा फोनवर रडत होती हो."

"ती सहा वर्षांची असल्यापासून फोनवर रडते."

निरोपाला अर्धं गाव जमलं होतं. कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लाल झाले आणि माझ्याकडे वळले. "मागचं वजन असेल ना वहीत? तेच टाका."

मला पगार मिशन देत नाही, पण माझा भाऊ त्यांच्या शाळेत शिकवतो. तरी म्हटलं, "साहेब, माणूस काट्यावर उभा राहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही."

"एका म्हातारीच्या वजनानं काय फरक पडणार आहे?"

"विमान समुद्रात पडलं की विचारते तुम्हाला."

पायलट विमानाला टेकून उभा होता. "बरोबर बोलतेय ती," तो म्हणाला. "आकडा नाही तर माणूस नाही. दहा मिनिटं देतो."

आजी बाबांकडे वळली. आवाज एकदम खाली आला. "ऑर्विल, तुला जायचं तर जा. बरगडी तुझी आहे. मी रागावणार नाही."

"लेकीला शब्द दिलाय गं."

"माहीत आहे."

बाबा पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. "एकोणपन्नास वर्षं मी ठरवलं आणि तू हो म्हणालीस. शेत विकलं तेव्हाही. इथं आलो तेव्हाही."

"हो."

"कधी नाही म्हणाली नाहीस."

"आज म्हणतेय."

बाबांनी पिशवी उचलली आणि माझ्याकडे आले. "कौरे, माझा आकडा खोड."

मी खोडला. रिकाम्या जागी बर्फातल्या माशांच्या दोन पेट्या चढल्या. पॅक्स्टन साहेब त्यांच्याशेजारी बसण्याआधी दारातून ओरडले, "एक तारखेपासून मिशनची जबाबदारी संपली! घरही सोडावं लागेल! राहणार कुठं?"

"माझ्याकडे," रोटिया मावशी ओरडली. "आमच्या घरांना भिंती नसतात, साहेब. कितीही माणसं मावतात."

पंचवीस तारखेला आजी नाचली. नाच आवडला की आमच्याकडे करतात तसं, लोक उठून तिच्या मानेवर पावडर टाकत होते, अत्तर मारत होते. तिसऱ्या गाण्याला गुडघ्यानं दगा दिला आणि ती धपकन खाली बसली. बाबा अर्धे उठले. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत बसले. मग शेजारी मावशी बसली, मग अख्खी रांग, आणि उरलेला नाच बसूनच झाला. आजीचा एकही दात दिसला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रेटा होती; आजीनं तिला माझाच नंबर दिलेला. मी आजीच्या हातात दिला.

"तुझे बाबा डुकराचं मांस खातायत," आजी धापा टाकत म्हणाली. "माझा गुडघा सुजलाय. ओरडायचं असेल तर उद्या ओरड."

पलीकडून ग्रेटानं विचारलं, "आई, मागे हा आवाज कसला चाललाय?"

"माझी माणसं आहेत," आजी म्हणाली आणि फोन परत दिला.

जानेवारीत घराला कुलूप लागलं. शाळेनं माझ्या भावाला समज दिली, नोकरी मात्र राहिली. दोघं मावशीच्या छपराखाली सात महिने राहिले. बाबा गावाचे पंप दुरुस्त करायचे, आजी चटया विणायला शिकली आणि वाईट विणायची. ऑगस्टात बाबांना धाप लागायला लागली, तेव्हा आजीनंच परत जायला जहाजाची तारीख काढली. निघताना तारावाच्या मिशनसाठी माझ्याकडे एक उघडं पत्र दिलं. मी वाचलं. दोनच ओळी होत्या, खाली दोघांच्या सह्या.

"आम्ही जातो आहोत. दिवस आम्ही ठरवला."