यंत्राला समाधी लागते तेव्हा

बजाजनगरच्या मैदानावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. कॅन, हंडे, बादल्या, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, एकीने तर चक्क कुकर आणला होता. साल २०१३. पावसाने दगा दिलेला, नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तर आलं, बाकी सगळा टँकरचा कारभार. टँकरवाला पाणी कुठून भरतो हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं की तो पुढच्या गल्लीत निघून जायचा.

मंचावर नीरनाथ महाराज बसले होते. पांढरी लुंगी, स्फटिकाची माळ, नीट विंचरलेली दाढी. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचा, हे निम्म्या मैदानाला ठाऊक होतं. "फिल्टर विकता विकताच साक्षात्कार झाला," असं भक्त सांगायचे. झाला असेल बुवा! कमिशनपेक्षा साक्षात्कारात बरकत जास्त.

समोर टेबल, टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारी भगवी शाल, शालीवर लॅपटॉप. त्याची तार शालीखालून फिरून एका चकचकीत दांडीला जोडलेली. मागे मोठा पडदा, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही आकडा दिसावा म्हणून.

"माझं ऐकूच नका!" महाराज माइकवर गरजले. "मी माणूस हाय, उद्या खोटं बोलंन. पण यंत्र? यंत्राला जात हाय का? यंत्राला लाच देता येती का?"

"नाय!" मैदान ओरडलं.

दांडी टँकरच्या पाण्यात बुडाली. लॅपटॉपपाशी बसलेल्या तरुणाने बटण दाबलं. लगेच पडद्यावर लाल आकडा आला: दोष १८४०. बायका हळहळल्या. मग महाराजांनी डोळे मिटले, पाण्यात बोटं फिरवली, एक हात शालीखाली नेऊन "पृथ्वीमातेला स्पर्श" केला आणि त्याच क्षणी शिष्याने देवळातली असावी एवढी मोठी घंटा बडवायला सुरुवात केली. कान किटले. घंटा थांबल्यावर तरुणाने पुन्हा बटण दाबलं.

आणि पडदा पांढुरका पडला. बाण हलेना. वरच्या पट्टीत अक्षरं उमटली, नॉट रिस्पॉन्डिंग.

"समाधी!" महाराज कुजबुजले. "यंत्राला समाधी लागली! कुणी शिंकू नका रे!"

एवढं मोठं मैदान, पण लेकरूसुद्धा रडलं नाही. थोड्या वेळाने पडदा जिवंत झाला. हिरवा आकडा. दोष शून्य. जयजयकाराने मंडप हलला. माझ्या शेजारचा बाप्या ढसाढसा रडत होता.

मला मात्र घाम फुटला. कारण लॅपटॉपपाशी बसलेला तो तरुण माझा सख्खा धाकटा भाऊ होता, सत्यम. आणि यंत्राला लागलेली ती समाधी मला चांगली ओळखीची होती.

माझं नाव मंजुषा. शहागंजात एका कापड दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे. वाळूजच्या लहान कारखान्यांना लागणारे प्रोग्राम मी लिहून देते, वजनकाट्याचे, तपासणीचे. खिडकी अशी पांढरी पडली की कारखानदार मला फोन करून शिव्या घालतो. समाधी म्हणत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पडदा रंगवायचं काम आणि तारेतून उत्तर यायची वाट बघायचं काम प्रोग्रामच्या एकाच भागाच्या गळ्यात मारलं, की असं होतं. तो वाट बघत बसतो आणि पडदा ओस पडतो. इतकी साधी गोष्ट. पण मला छळत होतं ते वेगळंच. पहिल्या वेळी आकडा झटक्यात आला. तेच पाणी, तीच दांडी, मग दुसऱ्या वेळी यंत्र कुणाची वाट बघत होतं?

मंचावरचं पाणी 'अमृतजल' म्हणून भक्तांच्या भांड्यांत वाटलं गेलं. आमच्या आईने, द्वारकाबाईने, आपला कॅन भरून घेतला. "उकळायचं नाय बरं का," शिष्य प्रत्येकीला बजावत होता. "उकळलं की शक्ती उडती. आन् हे पाणी चालू असतानी सुई-गोळी वर्ज्य." आईने मान डोलावली.

सभेवरून आई आणि सत्यमबरोबर मी बऱ्याच दिवसांनी घरी गेले, तर मुक्ता, सत्यमची बायको, भिंतीला टेकून बसली होती. आठवा महिना. मला बघून उठायला गेली नि पुन्हा बसली. मी दिवा लावला. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झालेला.

"मुक्ता, अगं हे कधीपासून?"

"होईल कमी, वन्सं. दोन घास अन्न जात नाय, एवढंच. अमृतजल चालू हाय की."

"आई! हिला कावीळ झालीये! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायची."

"वरडू नको," आई म्हणाली. "महाराज म्हणले, आतला दोष बाहेर पडतोय. दवाखान्यात नेली आन् सुई टोचली, तर केलेलं समदं वाया जाईल. पोटातल्या लेकराला धोका हाय."

"धोका या पाण्याचा आहे!"

आता सत्यम चिडला. "ताई, तुला सगळ्यातच खोट दिसती. अगं, मी काय अडाणी हाय का? मीही आधी मानत नव्हतो. म्हणूनच प्रोग्राम मी लिवला, माझ्या हातानं. महाराजांना त्यातलं ओ की ठो कळत नाय. त्यांनी बदललंय काय मग? माझंच यंत्र शून्य दाखवतंय!"

हेच तर दुखणं होतं. माझा भाऊ बाबाला फसला नव्हता, तो स्वतःच्या हुशारीला फसला होता.

"बॅटरीत घालायचं पाणी मोजलंस कधी?" मी विचारलं.

"मोजलं. दोन-तीन येतात."

"कारखान्यात शुद्ध केलेल्या पाण्याला दोन-तीन, आणि टँकरच्या पाण्यात या बुवानं बोटं घातली की शून्य? दरवेळी? पाव नाही, अर्धा नाही, बरोब्बर शून्य?"

मी त्याचा लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. "मोजायची दांडी कुठाय?"

"महाराजांकडं असती. चांदीच्या पेटीत."

"असू दे. बटण दाब."

"दांडीच नाय तर मोजंल काय? येडी झाली का तू?"

"दाब म्हणते ना!"

त्याने दाबलं. खिडकी पांढरी पडली. नॉट रिस्पॉन्डिंग. आमच्या स्वयंपाकघरात, ना महाराज, ना मंत्र, ना थेंबभर पाणी, आणि यंत्राला समाधी लागली. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली. मग आकडा आला. हिरवा. दोष शून्य.

सत्यमने पुन्हा दाबलं. पुन्हा शून्य. मी म्हटलं, "आता कोड उघड."

ती जागा सापडायला वेळ लागला नाही. प्रोग्राम आधी आकडा शून्य धरायचा, मग दांडीला हाक मारायचा. दांडी सापडली नाही तर क्षणभर थांबून पुन्हा हाक, पुन्हा थांबणं, ती झाली समाधी. आणि शेवटपर्यंत सापडलीच नाही तर? चूक झाल्यावर काय करायचं ते लिहायची जी जागा असते, ती त्याने कोरी सोडलेली. चूक गिळून टाकायची, पुढं चालायचं. आधी धरलेलं शून्य तसंच पडद्यावर.

"हे कोरं का ठेवलंस रे?"

"तार जरा हलली की 'चूक झाली' अशी चौकट यायची," तो पुटपुटला. "भरल्या सभेत, पडद्यावर. लोक हसायचे. महाराज म्हणले, ती चौकट काढ."

"आणि घंटा? ती तेव्हाच का वाजते?" मी लॅपटॉपला लावलेला माउस उपटला. डुडुम, असा आवाज झाला. "तार काढली की हा असा बोलतो. तुमचा लॅपटॉप मोठ्या स्पीकरला जोडलेला. शालीखाली हात कशाला जातो तुझ्या महाराजांचा? तार उपटायला, आणि हा आवाज ऐकू येऊ नये म्हणून घंटा. फिल्टरबरोबर हीच दांडी घेऊन हिंडायचा तो, त्याला सगळं कळतं. तुझ्या यंत्रानं पाणी मोजलंच नाही, सत्यम. मोजता आलं नाही, आणि तू ते दोष नाही असं छापलंस. आणि ऐक, दांडी जागेवर असती तरी तिला फक्त क्षार कळतात. काविळीचे जंतू तिला जन्मात दिसणार नाहीत. ते मरतात उकळल्यावर. जे याने बंद केलं."

सत्यमचा चेहरा मला बघवेना. तो उठला, मुक्ताला हाक मारली. तिने डोळे उघडले, पण त्याला ओळखलंच नाही. "बैलं आत घ्या, पाऊस येतोय," असं काहीतरी बडबडायला लागली. बैल तर तिच्या माहेरीसुद्धा नव्हते.

रिक्षा मिळाली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी आत घेतलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "पाणी उकळून पीत होतात का?" "नाही," सत्यम म्हणाला. "घाण पाण्याची कावीळ आहे," त्या म्हणाल्या. "इतरांना महिन्याभरात सोडते. गरोदर बाईला बऱ्याचदा सोडत नाही. डोळे पिवळे झाले तेव्हाच आणायची होती हो." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाळ पोटातच गेलं होतं. मुक्ता त्याच आठवड्यात गेली.

तरी पुढच्या रविवारी सभा भरली. मैदान तेवढंच गच्च, ऊन तेवढंच. सत्यम मंचावर चढला. महाराजांना वाटलं, भक्त परतला. त्यांनी हात उंचावून आशीर्वादसुद्धा दिला. सत्यमने लॅपटॉप जरा उचलून टेबलावरची शाल ओढून काढली. आता तार सगळ्यांना दिसत होती. त्याने ती लॅपटॉपमधून उपटली. स्पीकरमधून डुडुम असा मोठा आवाज आला. मग मी मैदानाच्या कडेच्या गटारातून भरून आणलेली बाटली त्याने पेल्यात ओतली. पुढच्या रांगेने नाक दाबलं. दांडी त्यात बुडवून त्याने बटण दाबलं.

समाधी लागली. मग हिरवा आकडा आला. दोष शून्य.

आणि मग, देवाशपथ सांगते, मागून कुणीतरी ओरडलं, "महाराजांनी गटाराचं बी अमृत केलं!" टाळ्या पडल्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकं उघडं करून दाखवलं, तरी हे.

"पण हे यंत्र काहीच मोजत नाही!" मी ओरडले. "त्याला मोजता आलं नाही की ते शून्य दाखवतं! मंत्राविना दाखवतं, पाण्याविना दाखवतं. या, ज्याला बघायचंय त्याने येऊन स्वतः बटण दाबावं!"

काहीजण पुढे आले. दाबून पाहिलं, एकमेकांकडे बघितलं. कुजबुज वाढली. महाराजांनी घाईने माइक ओढला. "बाळांनो, हे पोर दुःखात हाय. बायको गेली त्याची. वाईट झालं. पण तिची श्रद्धा कमी पडली, त्याला यंत्र काय करंल आन् मी तरी काय करंन?"

माना डोलायला लागल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझी आई उठली. मला वाटलं, भोवळ आली. पण ती पायऱ्या चढली आणि तिने महाराजांच्या हातातून माइक काढून घेतला.

"मी द्वारकाबाई. सून माझी गेली," ती म्हणाली. "तिची श्रद्धा कमी नव्हती. तिची श्रद्धा माझ्यावर होती. ती म्हणली, आत्याबाई, मळमळतंय, पाणी उकळून घ्यावं का? मी म्हणले, नको, शक्ती जाती. पातेलं चुलीवरून मी उतरवलं. तांब्या तिच्या तोंडाला मी लावला. नको नको म्हणत होती, तरी पाजलं."

शिष्याने माइकचं बटण बंद केलं. आईला ते कळलं की नाही कोण जाणे, ती तशीच बोलत राहिली, मोठ्याने, घसा ताणून.

"यंत्र काय म्हणतं, बाबा काय म्हणतो, नका बघू. ज्याला 'हे पाणी कुठलं' असं विचारता येत नाय, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका. पाणी उकळा. बाई पिवळी पडली तर दवाखान्यात न्या, तवाच न्या, घरात वाट बघू नका. मी वाट बघितली. माझी पोर आन् तिचं लेकरू, दोघं मी माझ्या हातानं मारली."