सलामाचं उत्तर

“साक्ष देताना बर्फाचं सांगा, त्या मोठ्या देवळाचं सांगा. बाकी पाल्हाळ नको,” शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबत सुवार्ता नवऱ्याला म्हणाली.

शांतवन आढावनं मान डोलावली. चाकणच्या कंपनीत एकोणतीस वर्षं प्रेसचे साचे बसवणारा हा माणूस. नवीन मशीन शिकायला कंपनीनं त्याला तीन आठवडे युरोपातल्या एका देशात धाडलं, आणि अख्ख्या संत तुकाराम नगरला वाटलं, आढाव स्वर्गच बघून आले. शेजारचे हिंदुराव तर म्हणालेच होते, “काय राव, ख्रिस्ती देशात, तुमच्या माणसांत जाऊन आलात!” आता बोला!

आज चर्चमध्ये, म्हणजे त्यांच्या देवळात, रविवारच्या उपासनेत त्याला उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष द्यायची होती. आणि येत्या शुक्रवारी त्याची लेक वर्षाली, शिकलेली नर्स, त्याच देशातल्या हॉस्पिटलात कामाला निघणार होती. व्हिसा आला होता, बॅगा भरून झाल्या होत्या. खरं सांगावं तर पोरीचं पाऊल अडखळेल, गोड गोड सांगावं तर देवासमोर उभं राहून थाप मारायची. इकडे आड, तिकडे विहीर. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. शांतवन उठला.

“बर्फ पुष्कळ होता,” तो म्हणाला. लोक हसले. पहिल्या बाकावर वर्षाली रेकॉर्ड करायला मोबाइल धरून बसली होती. तिचा फुललेला चेहरा पाहिला आणि त्याला थाप मारवेना.

“पहिल्याच रविवारी देवळात गेलो. दाराशी एक म्हातारेबुवा होते. आपण करतो तसा मी हात पुढं केला आणि म्हणालो, ‘सलाम.’”

“सलाम,” मंडळीतले चार-पाच जण पुटपुटले. मराठी ख्रिस्ती माणसाला सलाम ऐकून गप्प बसवतच नाही, आज्या-पणज्यांपासूनची खोड ती!

“म्हातारेबुवा दोन पावलं मागं सरले, मला मुसलमान समजले. तिकडं निवडणूक होती. फाटकावरच उमेदवाराचा फलक, त्यावर क्रूस. आधी मला बरंच वाटलं बघा, म्हटलं आपलाच की हा! तेवढ्यात त्याच उमेदवाराचे बिल्ले लावलेली दोन पोरं आली. माझी पिशवी हिसकून उलटी केली. काय निघणार? आपलं मराठी बायबल. ती अक्षरं पाहून आणखीच बिथरली. एकानं विचारलं, ‘तू कधीपासून ख्रिस्ती?’ म्हटलं, पणज्यापासून. तर हसला.”

त्यानं पहिल्या बाकाकडं पाहायचं टाळलं.

“तिथले पाळक म्हणाले, निवडणुकीचे दिवस आहेत, मनावर घेऊ नका. मला मागच्या बाकावर बसवलं. त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. नंतर मी कुणाला सलाम केला नाही. एकदाच बसथांब्यावर तोंडातून निसटला. डोक्याला रुमाल बांधलेली बाई होती. म्हणाली, ‘वालेकुम सलाम.’ तीन आठवड्यांत तेवढंच एक उत्तर आलं. मी ख्रिस्ती, ते तिला सांगितलं नाही. देव मला क्षमा करो, फार बरं वाटलं होतं.”

पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं. बाहेर मंडळीतल्या म्हाताऱ्या शालनबाईंनी गाठलंच, “पोर निघालीय, आणि असं अभद्र बोलावं का रे?” सुवार्ता तर एकटीच पुढं निघून गेली.

घरी आल्यावर वर्षालीनं विचारलं, “पप्पा, मग तिथं काय म्हणायचं?”

“जायचंच का, बाळा?”

“जायचंय. तुम्ही सांगा, काय म्हणायचं?”

“हॅलो म्हण. नुसतं हॅलो.”

पण जिभेचं वळण असं थोडंच मोडतं? ड्युटीवरून आली की दारातूनच ती म्हणायची, “सलाम, पप्पा.” तो म्हणायचा, “अंहं.” ती पुन्हा बाहेर जायची, पुन्हा आत यायची. दोघं हसायचीसुद्धा. साचा बसेपर्यंत ठोकत राहावं, तसं त्यानं चार दिवस चालवलं. गुरुवारी ती एकदाही चुकली नाही, आणि त्याला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी दुपारी गाडी आली. गल्ली गोळा झाली. हिंदुरावांनी तिच्या हातावर दही ठेवलं. सुवार्तानं पदर तोंडाशी धरला. वर्षाली आत बसली, दार लागलं.

“सलाम, वर्षाली,” शांतवनच्या तोंडून निघून गेलं.

काच खाली आली. तिचे डोळे भरले होते. ती हसली.

“हॅलो, पप्पा.”

“बरोबर,” तो म्हणाला. तोवर काच वर गेली होती.