दुहेरी होकार

शशी पोतनीसांच्या घरात 'हो' या शब्दाला दोन अर्थ होते. एकदा 'हो' म्हटलं तर हो. दोनदा, म्हणजे 'हो हो' म्हटलं, तर 'तू काय म्हणालीस ते माझ्या कानापर्यंत आलेलं नाही, पण तुझं चालू दे'. हा भेद त्यांच्या बायकोने, वीणाने, लग्नाच्या पहिल्याच वर्षात ओळखला होता. इंग्लंडात, वॉटफर्डमध्ये इतकी वर्षं संसार केल्यावर तर तिला त्यात पदवीच मिळायला हवी होती. 'हो हो' ऐकू आलं की ती तेच वाक्य पुन्हा, वरच्या पट्टीत म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटायचीही. शशीरावांचं म्हणणं वेगळं होतं. आपण सगळं ऐकतो, फक्त आपलं तोंड कॉम्प्युटरकडे असतं, असं ते सांगत.

खरंखोटं करायला घरात पंच नव्हता, त्यामुळे हा सामना वर्षानुवर्षं अनिर्णित राहिला. पंच मिळाला तो शेवटी बँकेत, आणि तोही दोन हजार एकोणीस सालच्या उन्हाळ्यात.

झालं असं की तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत सजावट राहिली बाजूला आणि मंडळातल्या रवीने आपल्या नव्या सोफ्याची गोष्ट सुरू केली. हा सोफा त्याला बँकेने दिला होता म्हणे. पूर्वी कर्ज घेताना बँका त्याच्यासोबत एक विमा गळ्यात मारायच्या. नोकरी गेली किंवा माणूस आजारी पडला तर हप्ते विम्यातून जातील, असा तो विमा. कुणाला गरज असो नसो, कुणी मागो न मागो, तो हप्त्यात गुपचूप मिसळलेला असायचा. पुढे त्याची बोंब झाली, पैसे परत करा असा बँकांना हुकूम निघाला, आणि आता अर्ज करायची मुदत ऑगस्टअखेर संपत होती. रवीने अर्ज केला, पैसे आले, सोफा आला.

शशीराव तिथे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की आपण असल्या फंदात कधी पडलो नाही. आपण प्रत्येक कागद वाचतो, प्रत्येक शब्द ऐकतो. आडनावच पोतनीस, पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचा खजिना सांभाळलेला. त्यांना कोण फसवणार?

गाडीत बसल्यावर वीणाने शांतपणे विचारलं की खालच्या बाथरूमसाठी घेतलेल्या कर्जाचं काय. त्या घरातलं एकुलतं एक बाथरूम होतं वरच्या मजल्यावर. वीणाची आई दर उन्हाळ्यात गुहागरहून यायची आणि गुडघे धरून जिना चढायची. ते पाहून शशीरावांनीच कर्ज काढून जिन्याखाली छोटंसं बाथरूम बांधून घेतलं होतं. तेव्हा विम्याचं काही विचारलं होतं का बँकेने?

"हो हो," शशीराव इंडिकेटर देत म्हणाले.

रविवारी त्यांची मुलगी स्वराली हॅरोहून जेवायला आली. ती तिथल्या कौन्सिलमध्ये नोकरीला होती, त्यामुळे अर्ज, तक्रारी, मुदती यांत तिचा हात बसलेला. तिने बँकेकडे विचारणा पाठवली. थोड्याच दिवसांत उत्तर आलं. विमा होता. पहिल्या हप्त्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत होता. त्यात गंमत अशी की शशीराव तेव्हा स्वतंत्रपणे कॉन्ट्रॅक्टवर कामं घेत, आणि तो विमा होता पगारी नोकरांसाठी. काम सुटलं असतं तरी त्यांना त्यातून एक पेनीसुद्धा मिळाली नसती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

"मला कोणी विचारलंच नाही," शशीराव म्हणाले.

"विचारलं असेल. तुम्ही हो हो म्हणाला असाल," वीणा म्हणाली.

हे मात्र त्यांना लागलं. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण घरात आपल्यापेक्षा बँकेवर जास्त विश्वास आहे हे त्यांना सहन होईना. त्यांनी तक्रार दाखल केली ती सोफ्यासाठी नव्हे. वीणाने एकदा म्हणावं की तुमचं लक्ष होतं, तुम्ही बरोबर होतात, एवढंच त्यांना हवं होतं. पण हे त्यांनी अर्जात लिहिलं नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

बँकेचं उत्तर आलं आणि आगीत तेल पडलं. तक्रार फेटाळली होती. विमा बँकेतल्या एका बाईने फोनवर विकला होता, संभाषण ध्वनिमुद्रित होतं, आणि त्यावरून बँकेच्या माणसाने टिपण काढलं होतं. विम्याबद्दल विचारल्यावर ग्राहक मोकळेपणाने हसले आणि त्यांनी कसलीही हरकत घेतली नाही, असं त्यात होतं. पुढे ग्राहक काही अस्पष्ट बोलले, एवढंच.

वीणाने ते पत्र दोनदा वाचलं. शशीरावांनी होकार दिला असेल यावर तिचा चटकन विश्वास बसला असता. पण ते हसले? फोनवर? बँकेच्या बाईशी? साखरपुड्यानंतर सहा महिने हा माणूस तिच्याशी फोनवर बोलला होता, तेव्हाही हसला नव्हता. इथे काहीतरी पाणी मुरतंय, असं तिने जाहीर केलं. नवरा असेल दुर्लक्ष करणारा, पण फिदीफिदी हसणारा नक्कीच नव्हता.

शशीरावांना ही बाजू घेणं आहे की अपमान, ते नीट कळलं नाही. तरी आमटी, विसरलेला वाढदिवस हे तिचे नेहमीचे विषय निघायच्या आत त्यांनी तिथून काढता पाय घेऊ पाहिला. पण आमटी निघालीच. वीणाचा तो हुकमी एक्का होता. तिच्या माहेरी आमटीत मुठीएवढा गूळ पडायचा, आणि तिला तो लहानपणापासून जात नसे. आईला वाईट वाटेल म्हणून ती कधी बोलली नव्हती. पण आई इथे यायला लागली, आणि एका उन्हाळ्यापासून आपण होऊन तिच्यासाठी बिनगुळाची आमटी वेगळी काढून ठेवायला लागली.

"तिला न सांगता कळलं. तुम्हाला सांगूनही कळत नाही," वीणा म्हणाली.

 शशीराव कॉम्प्युटरकडे वळले. स्वरालीने मात्र बँकेला लिहिलं की आमच्याबद्दलची नोंद मागायचा आम्हाला हक्क आहे, तेव्हा टिपण नको, ध्वनिमुद्रणच पाठवा.

ते आलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिघं लॅपटॉपपुढे बसली. शशीरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आधी बँकेच्या बाईचा आवाज आला. बस चुकेल अशा घाईने ती अटी वाचत होती, श्वास घ्यायलाही थांबत नव्हती. मधून मधून तेव्हाचे शशीराव 'येस, येस' म्हणत होते. मग लांबून, बहुधा स्वयंपाकघरातून, एक खणखणीत आवाज आला.

"शशिकांतराव, आमटीत गूळ घालू का?"

वीणाने हातातली बडीशेप तशीच ताटलीत परत ठेवली. तिची आई. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो होते, दोन पातळं होती, चष्मा होता. आवाज कुठेच नव्हता. कुणाला सुचलंच नव्हतं तो ठेवून घ्यायचं.

बँकेची बाई त्याच दमात म्हणाली की मग मी प्रोटेक्शन, म्हणजे विमा, त्यात घालून टाकते, चालेल ना?

"हो हो," तेव्हाचे शशीराव म्हणाले.

आणि बाई खुदकन हसून 'लव्हली' म्हणाली.

स्वरालीने तिथे थांबवलं. "बाबा, तू हसला नाहीयेस. तू हो हो बोलतोयस. त्या लेडीला वाटला लाफिंग. तिला वाटला सॅन्टा, तो हो हो हो करणारा फादर ख्रिसमस आहे लाइनवर."

शशीराव ताठ बसले. म्हणजे बाईने गूळ आणि विमा एकाच पातेल्यात ढकलला होता. आपण म्हणालो होतो गुळाला हो. विम्याला नव्हे. आता तरी? त्यांनी वीणाकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्या आईचंही तुम्ही ऐकत नव्हतात. तिलाही हो होच," वीणा म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. डोळे लॅपटॉपवर होते. "पुढे लाव गं."

पुढे खरखर झाली. शशीरावांनी फोनवर हात ठेवला असावा, पण तो नीट बसला नव्हता. बँकेला जे अस्पष्ट वाटलं होतं ते या घरात लख्ख ऐकू आलं.

"आई, गूळ घाला. पण वीणाची आमटी आधी बाजूला काढा. तिला गोड आमटी जात नाही हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही ती."

"अगंबाई, असं होय? मला कधी बोलली नाही कार्टी. बरं, काढते."

"मी सांगितलं म्हणू नका."

"हो," आई म्हणाली. एकदाच.

मग बँकेची बाई परत आली, तिने शुभेच्छा दिल्या आणि ध्वनिमुद्रण संपलं.  शेजारच्या बागेत गवत कापायचं यंत्र चालू होतं. शशीराव शर्टाच्या कफशी चाळा करत बसले. दावा जिंकायची वेळ आली होती आणि त्यांना चोरी पकडल्यासारखं झालं होतं.

"तुम्ही सांगितलं होतंत?" वीणाने विचारलं.

"ऐकू तर तसंच आलं," ते म्हणाले. "मला खरंच आठवत नाही गं."

वीणा रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली. किती वर्षं ती आईच्या मायेचा तो दाखला नवऱ्याच्या तोंडावर मारत होती, आणि तो निघाला नवऱ्याचाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आई तरी कशी, शब्द दिला तो शेवटपर्यंत पाळला. एका अक्षराने बोलली नाही. आणि हा माणूस स्वतःच विसरून गेलेला, आपल्या बाजूचा एकमेव पुरावा. तिला त्यांचा इतका राग आला आणि इतकं प्रेम वाटलं की तिने त्यांच्या दंडावर एक चापट मारली.

"लक्ष होतं तुमचं," ती म्हणाली. "बरोबर होतात तुम्ही."

बँकेकडून शशीरावांना जे काही येणं होतं ते तिथेच वसूल झालं. तरीपण स्वराली सोडणारी नव्हती. तिने त्या तुकड्याचं इंग्रजी भाषांतर करायला घेतलं, आणि आमटीपाशी गाडं अडलं. ती 'लेन्टिल सूप' लिहू म्हणाली, तर वीणाने हरकत घेतली की सूप आजारी माणसाला देतात. 'करी' म्हटलं तर शशीराव उठून जायला निघाले. शेवटी आमटीला आमटीच ठेवलं, गुळाखाली छोटी टीप दिली आणि 'हो हो' म्हणजे हसणं नव्हे, यावर चांगला मोठा परिच्छेद लिहिला.

महिना उलटायच्या आत बँकेतून हॉलोवे नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांनी ती फाइल पुन्हा ऐकली होती, भाषांतर दुसऱ्याकडून तपासून घेतलं होतं. तुम्हाला विम्याबद्दल नीट विचारलंच नव्हतं आणि तो तुमच्या कामाचाही नव्हता, बँकेचं चुकलं, पैसे व्याजासकट परत मिळतील, असं त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं की त्या दिवशी आमटी कशी झाली होती. शशीरावांनी फार गंभीरपणे सांगितलं की उत्तम झाली असणार, सासूबाईंच्या हातची होती. आणि ते हसले. फोनवर, बँकेच्या बाईशी, मोकळेपणाने. वीणा दारात उभी राहून बघत होती.

पैशांतून सोफा आला नाही. जिन्याखालच्या बाथरूमला नव्या टाइल्स बसल्या आणि उरलेल्याचा मंडळाच्या गणपतीला एक दिवसाचा प्रसाद झाला. रवीने शशीरावांना सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही तर कधी फसत नाही म्हणाला होतात, मग हे कसं. शशीराव म्हणाले की फसलो नाही, आमटीकडे लक्ष होतं.

ध्वनिमुद्रणाची प्रत वीणाने स्वरालीकडून फोनवर घेतली. बँकेच्या बाईचा आवाज तिने कापून टाकला, आई तेवढी ठेवली. पुढच्या रविवारी डाळ शिजल्यावर तिने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला, गुळाचा खडा हातात घेतला आणि बटण दाबलं.

"शशिकांतराव, आमटीत गूळ घालू का?"

शशीराव बाहेरच्या खोलीत होते, तोंड नेहमीसारखं कॉम्प्युटरकडे.

"हो," ते म्हणाले.

वीणा पुढचा 'हो' यायची वाट पाहत थांबली. तो आला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, शशीराव आत आले, त्यांनी मांडणीवरून वाटी घेतली आणि वीणाची आमटी आधी बाजूला काढली.