चालकाची प्रत

कागदकपात समितीच्या बैठकीची कार्यपत्रिका इतकी जाड होती की तिला पिन पुरली नाही, सुतळी बांधावी लागली. बैठक धाराशिवला होती. तेरखेड्याच्या फटाका कारखानदारांतर्फे कल्याणप्पाशेठ गेले होते आणि त्यांच्या कारखान्यातल्या घातक कचऱ्याचं काम माझ्याकडे असल्यामुळं त्यांच्यासोबत मी.

आमचा कचरा म्हणजे मुख्यतः शेडमधली झाडलोट. ॲल्युमिनियमची पूड, नायट्रेट, गंधक, सगळं एकमेकांत मिसळलेलं. ते पिंपांत भरून पुण्याकडच्या जाळण्याच्या केंद्रावर पाठवायचं. प्रत्येक खेपेला एक तक्ता भरायचा, सात रंगांच्या सात प्रतींत.

सात प्रती म्हणजे छळ आहे, असं समितीच्या अध्यक्ष प्रमोदिनी मॅडम म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. प्रश्न एवढाच होता की कमी कुठली करायची. मग एकेक कार्यालय उठून आपापल्या प्रतीची बाजू मांडू लागलं. एकाला ती लेखापरीक्षणाला लागत होती. दुसऱ्याला वर पाठवायला लागत होती. तिसऱ्याला ती कशाला लागते ते आठवत नव्हतं, पण नसली तर चौकशी होईल याची खात्री होती. शेवटी एकच प्रत अशी उरली की जिच्या बाजूनं बोलायला कुणी आलं नव्हतं. ती ट्रकचालकाची. ती रद्द झाली. टाळ्या वाजल्या.

मी हात वर केला. म्हटलं, सातांपैकी वाचली जाते ती तेवढीच. तिच्या मागच्या बाजूला मराठीत छापलेलं असतं की आग लागली तर पाणी मारू नका, कोरडी वाळू टाका. पेटलेल्या ॲल्युमिनियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो आणि आग विझायच्या ऐवजी भडकते. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझी भावना नोंदवली असं सांगितलं. कुठं नोंदवली ते दिसलं नाही. कागद वाचवायचा होता.

आमची पिंपं इरशादभाई नेतात. त्यांना मी सांगितलं की आता तुमचा कागद बंद झाला.

"बरं झालं की, ताई," ते म्हणाले. "आता पेटलो तर कसं विझवायचं ते कुणालाच कळायचं न्हाय. भांडणच मिटलं."

मी त्यांना हातानं लिहून देणार होते. शेठनी अडवलं. कमी केलेला कागद तपासणीत गाडीत सापडला तर कपात केली नाही असा शेरा बसेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी इरशादभाई ट्रक घेऊन येडशीच्या पेंटरकडे गेले आणि मागच्या फळीवर, जिथं लोक शायरी लिहून घेतात तिथं, 'आग लागली तर पाणी मारू नका, वाळू टाका' असं रंगवून आले. पेंटरला ही ओळ फार कोरडी वाटली, म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना कमळं काढली होती. शेठनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पण तो कागद नव्हता, त्यामुळं कोणता नियम मोडला ते त्यांना सांगता येईना.

त्यानंतरच्या खेपेला एका पिंपात पावसाची ओल शिरली होती. ओली पूड आतल्या आत तापत जाते आणि अमोनियाचा वास सुटतो. इरशादभाई येरमाळ्याजवळ सत्यभामाबाईंच्या हॉटेलात चहाला थांबले, तेव्हा तो वास त्यांना आला. पाठोपाठ पांढरा धूर. हॉटेलातली माणसं बादल्या घेऊन धावली. एकानं पाण्याच्या मोटारीचा पाइप ओढत आणला. इरशादभाई हात पसरून गाडीच्या आडवे उभे राहिले आणि पाणी नको म्हणून सांगू लागले. लोकांना वाटलं, भीतीनं याचं डोकं फिरलंय.

"सरक बाजूला," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुझ्या गाडीपायी माझं हाटेल जळंल."

इरशादभाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना गाडीच्या मागं नेलं. बाईंनी फळीवरचं मोठ्यानं वाचलं. मग बादल्या खाली ठेवल्या गेल्या. चालकाचं तोंडी सांगणं कुणी मानलं नव्हतं, ऑइलपेंटमध्ये कमळांसकट लिहिलेलं लगेच मानलं. हॉटेलच्या नव्या खोलीसाठी आणून झाकून ठेवलेली वाळू होती. पिंप बांबूनं ढकलून मोकळ्यात पाडलं, लांबूनच वाळू टाकली, आणि ते धुमसत धुमसत विझलं. इरशादभाईंच्या भुवया तेवढ्या गेल्या.

समितीनं त्यांचा सत्कार ठेवला. मॅडम भाषणात म्हणाल्या की गाडीत तो कागद नसतानाही दुर्घटना टळली, म्हणजे तो अनावश्यक होता हे आता प्रत्यक्ष सिद्ध झालं. एका घटनेवरून असा निष्कर्ष काढलेला मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. मग शाल पांघरून इरशादभाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

"शाल राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "माझा कागद तेवढा परत द्या."

सभागृह हसलं. या भागातली माणसं फार विनोदी असतात, असं मॅडम म्हणाल्या.

इरशादभाईंनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि पुढची खेप नाकारली. शेठनी त्यांना फळीची आठवण करून दिली.

"फळी मागं हाय, शेठ. पुढनं येणाऱ्यानं काय वाचायचं? आन् गाडीच उलटली तर?"

येरमाळ्याची गोष्ट सगळीकडे झाली होती. तेरखेड्यात दुसरा चालक मिळेना. पिंपं साठत गेली. शेडमध्ये ठेवणं धोक्याचं आणि उघड्यावर ओल लागणार, म्हणून पत्र्याखालची एकच जागा उरली, शेठच्या केबिनच्या भिंतीला लागून. शेठ बाहेर खुर्ची टाकून बसू लागले. आल्यागेल्याला ते विचारत, कसला वास येतोय का.

आठवडाभरात त्यांनी स्वतः तेरखेड्यातून कागद छापून, लॅमिनेट करून आणला आणि मला तपासायला दिला. मी वाचला. बरोबर होता. एक प्रत चालकापाशी, एक समोरच्या काचेवर आणि एक, कारण नसताना, केबिनच्या दारावर.

इरशादभाईंनी कागद वाचला, काचेवर नीट चिकटलाय का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि किल्ली मागितली.

"हे वर कळवू नका बरं का," शेठ मला हळूच म्हणाले. "कपातीच्या बक्षिसासाठी आपल्या कारखान्याचं नाव गेलंय."