ज्यानं सांधा जोडला, त्यानं बसायचं

मी सुतार. खुर्च्या, दारं, पाळणे करत होतो तोवर सुखानं झोपत होतो. मग युद्धात पदक मिळवून आलेल्या कॅप्टनांनी मला विमानाच्या कामाला जुंपलं आणि झोपेचं खोबरं झालं. तेव्हा विमान म्हणजे लाकूड, कापड आणि सरस, दुसरं काय!

कॅप्टनांचा एक नियम होता. ज्यानं दुरुस्ती केली, त्यानं पुढच्या उड्डाणाला सोबत बसायचं. म्हणायचे, "लढाईत हुकूम सोडणारे मागे आणि मरणारे पुढे. इथे तसं नको." बोलायला यांचं काय जातंय! वर गेलं की मला खाली बघायला सांगायचे, "ते बघ तुझं घर." मी डोळे उघडले तर ना.

टपालाचं पहिलं उड्डाण ठरलं, थेट समुद्रापलीकडे. मैदानावर टपालखात्याचे साहेब आले, पेपरवाले आले. त्या दिवशी विमान उडालं नाही तर काम दुसऱ्या कंपनीला जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि आदल्याच दिवशी डाव्या पंखातली एक पट्टी मी बदलली होती. थंडी मरणाची. अशा हवेत सरस धरायला तीन दिवस लागतात. मी एकावर भागवलं आणि "चालतंय" म्हणून मोकळा झालो.

कॅप्टनांनी माझ्या हातात उड्डाणाची टोपी दिली. मी ती डोक्यावर घातलीच नाही. शेवटी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "साहेब, सांधा ओला आहे."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एकदा पंखाकडे बघितलं आणि टपालवाल्या साहेबांकडे चालत गेले. मला वाटलं, संपलं. आता हे माझं नाव घेणार आणि पुन्हा कोणी मला साधं स्टूलसुद्धा करायला देणार नाही.

"आज उडत नाही," कॅप्टन म्हणाले. "घाबरलो."

साहेब हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "पदक बाजारातून आणलं काय?" कॅप्टनही हसले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

संध्याकाळपर्यंत टपालाचं काम दुसऱ्यांना गेलं. सकाळी पेपरात ठळक अक्षरांत कॅप्टनांची भीती. मी पंख उघडला, तर सांधा नुसत्या अंगठ्यानं सुटला. तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. कॅप्टन नव्हते. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"वहिनी, ते काल घाबरले नव्हते."

"मला सांगताय?" चादर झटकत त्या म्हणाल्या. "ते खरंच घाबरले ना, की घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. काल दोनदा भाजी मागून घेतली. पण कोणाला पाठीशी घातलं ते काही सांगेनात."

"मला," मी म्हणालो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

त्यांनी रिकामी बादली उचलली.

"या आत," म्हणाल्या. "आधी शिव्या खा, मग जेवा."

दोन्ही पोटभर मिळालं.